साधनाचा रकाना

९ फेब्रुवारी
संस्थेचं वसतिगृह, तिसरा मजला

मावशी,

नमस्कार मागाहून, आधी कान धरतो. पाच महिने झाले. पत्र लिहायचं म्हणून तीनदा कागद घेतला. पहिल्यावर कोणाचा तरी फोन नंबर लिहिला, दुसरा डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली गेला, आणि तिसऱ्यावर ‘मावशी’ एवढं लिहून समोरच्या गच्चीवर दोन माणसं पाण्याची टाकी चढवत होती ते बघत बसलो. टाकी चढली, पत्र राहिलं. तू म्हणशील, भिंगरीच ती, कुठे टेकणार. म्हण.

मला नोकरी लागलीय. हसू नकोस. फिरायची आहे, म्हणून टिकलीय. एक संस्था आहे. धर्म म्हटलेलं त्यांना आवडत नाही, पण संस्थापक आहेत, त्यांचा फोटो आहे आणि फोटोकडे पाठ करून उभं राहायचं नाही असा नियम आहे, तेव्हा काय समजायचं ते समज. मुख्यालय समुद्रापलीकडे. तिथून एकच वाक्य येतं, ‘धरून ठेवलेलं सोडा.’ हेच वाक्य चाळीस देशांत जातं. पण नुसतं वाक्य कोण घेतं? म्हणून प्रत्येक ठिकाणी त्याला तिथला अंगरखा चढवायचा. जिथे होड्या आहेत तिथे लोक होडीची दोरी सोडतात. जिथे काचेच्या भट्ट्या आहेत तिथे चिठ्ठी लिहून भट्टीत सोडतात. या कामाचं वेगळं खातं आहे आणि मी त्यात. ठिकठिकाणी जायचं, लोक दुःखात काय करतात ते बघायचं आणि छापील फॉर्म भरायचा. रकाने ठरलेले. साधन, उच्चार, लागणारा वेळ, एका वेळी किती लोक.

आमच्या वरच्या बाई इतक्या हळू बोलतात की शेजारी कोणी झोपलंय असं वाटावं. आम्ही त्यांना मऊबाई म्हणतो. त्या म्हणतात, “पाणी आपलं, भांडं त्यांचं. फक्त भांडं शोधून आणा.”

परवा कोठीत झाडू शोधायला गेलो तर संस्थापकांचे फोटो गठ्ठ्यांनी रचलेले. माणूस एकच, नाकं चार. एका गठ्ठ्यात बसकं, एकात धारदार, एकात मधलं. चौथ्यात रंगसुद्धा दोन छटा उजळ. जसा देश तसं नाक. मी चारही शेजारी ठेवून बराच वेळ बघत होतो. झाडू राहिलाच.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. इथे नवीन विधी सुरू झालाय. गेलेल्या माणसाचा कपडा घेऊन यायचं, साठजणांनी ओळीत उभं राहायचं, सोनेरी कात्रीने कपडा उभा कापायचा आणि एका सुरात म्हणायचं, “टाका सुटला, जीव सुटला.” सात मिनिटांत आटोपतं. मग तुकडे टोपलीत. काल टोपल्या उचलायचं काम माझ्याकडे आलं. मावशी, अर्ध्या सदऱ्याच्या खिशात कंगवा होता, त्यात पांढरे केस. एका बाहीला औषधाचा वास. कोणाचा तरी शिळा घाम आणि त्यावर संस्थेचा गुलाबाचा फवारा. मागच्या बाजूला कचऱ्याची गाडी आली, तिने सगळं चावून गिळलं. मला तिथेच भडभडून आलं. अजून बोटांना तो गुलाबाचा वास येतोय, राखेने घासली तरी.

कसं कोण जाणे, तुझी आठवण झाली.

तुझा,
भिंगरी


२० फेब्रुवारी
दुकानातून

भिंगऱ्या,

कान सोड, लाल झाला असेल.

कसं कोण जाणे, म्हणतोस. मला विचार. तुझी संस्था आमच्या गल्लीत येऊन महिना झाला. कोपऱ्यावरचा बंद पडलेला छापखाना त्यांनी घेतला, भिंतींना पांढरा रंग दिला, दारात गुलाबाचं मशीन लावलं. शाईचा वास बरा होता रे. निदान खरा होता.

परवा घड्याळजी आला. त्याची बायको गेली ते तुला कळवलं होतं. तिचा गरम कोट दोन तुकड्यांत घेऊन आला. पाठीतून तिरका कापलेला. टोपलीत टाकायच्या आत त्याने काखेत लपवला म्हणे. “मावशी, जोडून मिळेल का? धाकटीला घालायचाय.” मी तो टेबलावर पसरला आणि मला शिसारी आली. कापडाची नाही, कापणाऱ्या हाताची. अस्तरासकट कापलंय. जोडला तर पाठीवर वळ उठल्यासारखी शिवण दिसणार. त्याला म्हटलं, ठेवून जा, बघते. अजून बघतेच आहे.

तू लहानपणी मशीनखाली बसून लाकडी रिळं गडगडवायचास तेव्हापासून बघितलंयस, तरी सांगते, कारण मलाच एकदा नीट सांगावंसं वाटतंय. माझ्या सासूबाई करायच्या तसं मी करते. माणूस गेलं की घरचे त्याचा कपडा आणतात. मी वाकड्या टाचणीने खांद्याची शिवण उसवते, एकेक टाका. ते दुसरं टोक धरून बाकावर बसतात. बोलायचं असेल तर बोलतात. परवा एकजण नवऱ्याला दुपारभर शिव्या घालत होती, शेवटी हसायला लागली. मंत्र नाही, तंत्र नाही. उसवून झालं की कापड अख्खं राहतं आणि ते मी घरातल्या कोणाच्या तरी मापाने परत शिवते. आठ दिवसांनी तो कपडा रस्त्याने चालत जाताना दिसतो. झालं, एवढंच. त्यासाठी तर उसवायचं. कात्री लावली तर पुढे काय शिवणार, कपाळ?

हे छापखान्यात कोणी पोचवलं ते मला कळलंय. मास्तरीण. अकरा वर्षं ती माझ्या बाकाच्या टोकाला बसून धागे गुंडाळून देत आली. निवृत्त झाली तरी वहीत काही ना काही लिहीत असते. दुसरं कोण? मी तिला तोंडावर सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. ती काही बोलली नाही. न बोलणाराच चोर असतो.

तुझ्या दादाचा, माझ्या लेकाचा कोट अजून कपाटात आहे. तो जाऊन सहा वर्षं झाली. आपल्या माणसाचं आपण उसवायचं नसतं, हात वेडेवाकडे चालतात आणि कापड फाटतं. सासूबाईंच्या मुलाचा सदरा त्यांनी शेजारणीकडून उसवून घेतला होता. तू येऊन उसवशील आणि मी तो तुझ्या मापाने शिवीन, असं ठरलं होतं आपलं. तुला आठवत असेल तर.

मावशी


१४ मार्च
कुठल्याशा धर्मशाळेची वरची खोली

मावशी,

घाईत लिहितोय. मला पुन्हा बाहेर पाठवलंय, मिठाच्या आगरांकडे. इथली माणसं दुःखात काही करत नाहीत, काम करतात. फॉर्म कोरा आहे.

इथे एक कात्र्यांना धार लावणारा भेटला. संस्थेच्या कात्र्या त्याच्याकडे येतात. म्हणाला, सोनं कसलं, फवाऱ्याचा रंग आहे, दोन विधी झाले की पोपडे निघतात. त्याच्याकडे अकरा प्रकारच्या कात्र्या आहेत, केसांची, पत्र्याची, एक तर फक्त घोड्याच्या आयाळीची. अर्धा दिवस तिथेच गेला.

मास्तरीणबाईंनी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. माणसं कुठूनही ऐकतात. तू त्यांना येऊ दे. एवढं माझं ऐक.

कोटाचं विसरलेलो नाही. या महिन्यात जमत नाही. येतो.

भिंगरी


२ एप्रिल
दुकानातून

भिंगऱ्या,

तुझं ‘येतो’ बरणीत घालून ठेवलंय. बरणी भरत आली.

तुझ्या मऊबाई येऊन गेल्या. खरंच मऊ आहेत. बोलतात तेव्हा अंगावर कोणी ओला बोळा फिरवतंय असं वाटतं. बाकावर बसल्या, मशीनवर हात ठेवला आणि डोळे मिटले. मला वाटलं, चक्कर आली. म्हणाल्या, “इथलं सगळं जिवंत आहे हो.” मी म्हटलं, मशीन जुनं आहे, तेल मागतं.

मग त्यांनी माझाच फोटो काढून दाखवला. चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेला, मी टाचणी धरून बसलेय. गेल्या उन्हाळ्यात तू काढलास तो. एक तुझ्याकडे आहे, एक मी मास्तरणीला दिला होता. बघ, आता तरी पटलं ना? बाई म्हणाल्या, “हा विधी एकोणीस देशांत पोचलाय आणि त्याची आई इथे बाकावर बसलीय. आम्ही तुम्हाला मूळमाता म्हणून मंचावर नेणार. वीस तारखेला. तुमच्या मुलाचा कोट आहे असं ऐकलं. तो तुम्ही सगळ्यांसमोर कापायचा.”

मी म्हटलं, “मी कापत नाही, उसवते.”

तर त्या म्हणाल्या, “आता कात्री मान्य झालीय.”

त्यांच्याबरोबर छापखान्यात शिकवणारी एक पोरगी होती, संस्थेचा बिल्ला लावलेली. तिने माझं उसवणं दोन मिनिटं बघितलं आणि मला धीर दिला, “काकू, तुमची पद्धत जवळजवळ बरोबर आहे.”

मी चहा टाकायला उठले आणि तशीच आत उभी राहिले. संताप पण येईना. माझ्याच घरातून उचललेली वस्तू, फवारा मारून, मलाच शिकवायला आणलेली. आणि खरं सांगू, बाक रिकामा आहे. पूर्वी आठवड्याला दोघेतिघे यायचे. आता सगळे सात मिनिटांत मोकळे होतात. समोरची शेजारीण सुद्धा काल म्हणाली, “तुमच्याकडे दुपार जाते हो, आणि ते अधिकृत पण नाही.”

मी हो म्हणून टाकलं. सहा वर्षं कपाट उघडलं की तो कोट माझ्याकडे बघतो. तू काही यायचा नाहीस. मास्तरीण तशी निघाली. मग कोणाच्या हातून उसवू? वीस तारखेला कापून टाकते. सगळ्यांसमोर कापला की माझा हात तरी वेडावाकडा चालणार नाही.

मावशी


७ एप्रिल
टपाल कचेरीतल्या उभ्या टेबलावरून, तातडीने

मावशी,

कोट कापू नकोस. कारण पुढे आहे, पण आधी हे वाच. कोट कापू नकोस.

चोर मास्तरीणबाई नाहीत. मी आहे.

मला दोन महिने दिले होते वीस ठिकाणं बघायला. मी सहा आठवडे जत्रेतल्या फिरत्या पाळणेवाल्यांबरोबर काढले. त्यांचा मोठा पाळणा उतरवतात कसा, चढवतात कसा, ते बघत. वंगण लावायला मदत करायचो. शेवटचा दिवस आला तेव्हा एकही फॉर्म भरलेला नव्हता. मऊबाईंच्या दाराबाहेर बाकड्यावर बसून मी तुझं भरून दिलं. एका पानात. फोटो पाकिटात होता, तोही लावला.

‘साधन’ या रकान्यात मी कात्री लिहिलं. तुझ्या हातात कधी कात्री नसते हे मला पक्कं माहीत होतं. पण टाचणी लिहिली असती तर बाईंनी विचारलं असतं, टाचणीने काय होतं, आणि मग सगळं सांगावं लागलं असतं. तेवढा कंटाळा केला. ‘लागणारा वेळ’ मध्ये अख्खी दुपार कशी लिहिणार, शेजारच्या फॉर्मवर सात मिनिटं होती, तीच उतरवली. ‘उच्चार’ रिकामा सोडायची परवानगी नव्हती. “टाका सुटला, जीव सुटला” हे मी तिथेच बसून जुळवलं, पायाने ताल धरून. आता एकोणीस देशांतली माणसं ते डोळे मिटून म्हणतात. काही रडतात. मी त्यांच्या मागे टोपली घेऊन उभा असतो आणि मला माझ्या तोंडाची घाण येते.

आणि तो कपडा परत शिवून कोणाच्या अंगावर जातो, यासाठी फॉर्ममध्ये रकानाच नव्हता. तू म्हणालीस, त्यासाठी तर उसवायचं. नेमकं तेच राहिलं. मी बाजूला समासात लिहू शकलो असतो. समास रुंद होता.

पहिल्या पत्रात लिहिलं ना, राखेने घासलं तरी बोटांचा वास जात नाही. तो गुलाबाचा नव्हता.

तुझं मास्तरीणबाईंबद्दलचं पत्र आलं तेव्हाच हे लिहायला हवं होतं. मी धारवाल्याच्या आयाळीच्या कात्रीबद्दल लिहिलं. माझ्यावर आळ येत नाही हे वाचून मला जरा बरंसुद्धा वाटलं होतं. हे लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

कोटासाठी का आलो नाही तेही सांगतो. दादा एका जागी राहायचा. दुकान, तू, बाक. तो कोट माझ्या मापाचा झाला की मलाही तिथे राहावं लागेल असं वाटायचं. मूर्खासारखं आहे, पण खरं आहे.

मी आज मऊबाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्या अजिबात चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “पहिला फॉर्म कोणाचा तरी चुकीचाच असतो.” मग टेबलावर काहीतरी पुसल्यासारखा हात फिरवला आणि मला पुढच्या आठवड्याची तिकिटं दिली. ती मी त्यांच्या टेबलावरच ठेवून आलो. नोकरी सुटली म्हणायला हरकत नाही.

तू म्हणशील तर येतो. नको म्हणालीस तरी समजेन.

भिंगरी


२० एप्रिल
दुकानातून, दुपारी

तुला,

आशीर्वाद लिहिणार नाही. पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा किळस, तिसऱ्यांदा तू मशीनखाली बसून रिळं गडगडवताना दिसलास. तेव्हा उठून भांडी घासली.

त्याच दिवशी मास्तरणीकडे गेले. दार वाजवलं. आत पावलं आली आणि थांबली. मी दाराशीच बोलले. म्हटलं, चूक माझी, तुझं नाव घेतलं ते खोटं होतं, घरचाच चोर निघाला. आतून आवाज आला, “ऐकलं.” दार उघडलं नाही. बरोबर आहे तिचं. अकरा वर्षं माझे धागे गुंडाळले आणि मी तिला एका दुपारी उभ्या उभ्या हाकलली. तू एक पान भरलंस, मी तेवढंही केलं नाही, नुसतं ठरवलं. तेव्हा सगळी घाण तुझ्या बोटांची नाही, थोडी माझ्या पण.

मऊबाईंना नाही म्हणून कळवलं. त्यांना समजावून सांगितलं, की कात्री मुळात नव्हतीच, पोराने कंटाळा केला होता. त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “आता तो प्रश्न राहिलेला नाही हो. एकोणीस देशांत कात्रीच गेली आहे.” आणि मऊपणे फोन ठेवला.

मला वाटलं, कार्यक्रम रद्द होईल. माझी अक्कल तेवढीच. आज सकाळपासून छापखान्यासमोर कर्णे लागलेत. मी दुकानाचं दार अर्धं लोटून घड्याळजीच्या बायकोचा कोट घेऊन बसले. तो तिरका काप मी लपवणं सोडून दिलं. त्यावर आतल्या अस्तराचीच पट्टी लावली, वरून खालपर्यंत, उघड दिसेल अशी. धाकटीला आवडेल असं वाटतं. नाही आवडलं तर सांगेल.

तेवढ्यात कर्ण्यातून आवाज, “आता मूळमाता मंचावर येत आहेत.” माझ्या हातून सुई पडली. मी इथे, आणि मी तिथे. मग साठ-सत्तरजणांचं एका सुरात ते तुझं टाका सुटला. टाळ्या. संस्थापकांचा जयजयकार. कोणतं नाक लावलं होतं कोण जाणे.

म्हटलं, आजच तुला लिहावं. नाही तर मीही पाच महिने लावीन. तू यायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही. मास्तरणीची माफी तू वेगळी मागायची, तिच्या दाराशी उभं राहून. माझ्या पत्रात गुंडाळून चालणार नाही.

इथवर लिहिलं आणि उंबऱ्यात सावली पडली. वाटलं, मास्तरीण आली. मान वर केली तर दारात मीच.

तोच अंबाडा, तसलंच लुगडं, चष्म्याच्या काडीला तसाच दोरा. त्या फोटोवरून उतरवलेली. मंचावरून तशीच चालत आली असावी, गालावरची पावडर घामाने ओघळलेली. एका हातात सोनेरी कात्री, दुसऱ्या हातात लहान मुलाचा सदरा, धुऊन धुऊन रंग गेलेला.  मला तिला हाकलायचं होतं, खरंच सांगते. आरशाने दारात येऊन उभं राहावं तसं वाटत होतं.

ती म्हणाली, “बाई, मी संस्थेच्या मुदपाकखान्यात पातेली घासते. मला म्हणाले, नुसतं उभं राहा आणि काप. तो कोट बाजारातून नवा आणलेला होता, त्यात कोणीच नव्हतं. तो कापला मी.” मग सदरा पुढे केला. “हा खरा आहे. हा मला कापता येत नाहीये.”

तिला बाकावर बसवलंय, मास्तरणीची जागा सोडून. कात्री खणात टाकली. तिचा सोनेरी रंग माझ्या बोटांना लागलाय, तो या कागदालाही लागला असेल बघ. पाणी प्यायली आहे. टाचणीकडे बघतेय. आत्ता विचारत होती, “माझं मीच उसवायचं का?”

मी म्हटलं, “नाही. तुझं मी उसवणार.”

तर कपाटाचं दार उघडं होतं, आतल्या कोटाकडे बघून ती म्हणाली, “मग तुमचं कोण?”

दुसरी टाचणी काढून तिच्यापुढे ठेवलीय. कोटासाठी खांद्याचं आणि बाहीचं माप पाठव. टेप लावून घे. अंदाजे लिहू नकोस.

मावशी